बदामाच्या झाडाला माझा पेला

३ नोव्हेंबर, रवि.
आज प्रभुभोजन. काळ्या मनुका कालच उकळून गाळल्या होत्या, सकाळी बाटली पिशवीत घालून परळहून बस, गिरगाव. आमच्या चर्चच्या मंडळीत वाइन चालत नाही, मनुकांचाच रस. रिटायर झाल्यापासून हे काम माझ्या गळ्यात पडलंय. गळ्यात पडलंय म्हणते खरी, पण कुणी काढून घ्यायला आलं तर भांडेन.
भोजनाआधी पाळकसाहेब सांगतात, शेजाऱ्याशी हात मिळवा, मनात काही असेल तर सोडा. तेव्हा मी नेमकी मागच्या स्वयंपाकखोलीत. लोकांना वाटतं, सुमनबाई किती राबतात. राबते कसली! शालिनीचा हात हातात घ्यावा लागू नये म्हणून नळ सोडून उभी असते.
शालिनी माझी सख्खी धाकटी बहीण. जूनपासून परत आमच्या मंडळीत यायला लागलीये. शेवटच्या बाकावर बसते.
पाळकबाई माझा भाकरीचा तुकडा आणि पेला दारात आणून देतात. मी "थँक्यू" म्हणते. त्यांची पाठ वळली की तुकडा चिमण्यांना आणि पेला आवारातल्या बदामाच्या झाडाला. माझा नवरा प्रभाकर गेल्यापासून हेच. मनात असलं काही ठेवून तो पेला घ्यायचा नसतो, आणि घेतला नाही तर चौकशा होतात.
नंतर बाकांच्या पाठीवरच्या भोकांतले अंगठ्याएवढे रिकामे पेले गोळा केले. शेवटच्या बाकावर एक भरलेला तसाच. तिथले साठेकाका पेंगले असणार. तोही झाडाला.

९ नोव्हें., शनि.
चारचौघांत मी "हे" म्हणायचे. वहीत मात्र प्रभाकर. आता नुसतं प्र.
आज तांदळाचा डबा धुतला, परत ते आठवलं. प्र. गेल्यानंतर आठवड्याने याच डब्यामागे पुडीत सुट्या गोळ्या सापडल्या होत्या. न गिळलेल्या. स्टेंट बसवल्यावर रक्त पातळ राहावं म्हणून ज्या द्यायच्या, त्याच. जन्मभर वॉर्डात परक्यांच्या तोंडात गोळ्या घातल्या मी, पाणी पिऊन गिळल्या की नाही ते जीभ वर करायला लावून बघितलं. आणि घरात
जाऊ दे.

१० नोव्हें., रवि.
काल अर्धवट टाकलं. लिहून टाकते, म्हणजे डोक्यात घुमायचं थांबेल.
शालिनी तेव्हा प्रभादेवीच्या एका फ्लॅटमधल्या प्रार्थनागटात जायची. प्र.ला घेऊन गेली. डोक्यावर हात ठेवले, रडले, म्हणाले तू बरा झालास, साक्ष दे. प्र. उभा राहिला आणि सगळ्यांसमोर साक्ष दिली की प्रभूने माझं हृदय बरं केलं. संपलं. आता गोळी घेतली तर साक्ष खोटी पडणार. भोळा माणूस, दिलेल्या शब्दाला जागणारा. माझ्यासमोर गोळी हातात घ्यायचा, पाणी प्यायचा, गोळी खिशात.
मागल्या वर्षीच्या जानेवारीत बाथरूममध्ये पडला. हॉस्पिटल समोरच्या रस्त्यावर, तरी पोचलो नाही.

१ डिसें., रवि.
प्रभुभोजन. शेवटच्या बाकावर परत एक भरलेला. साठेकाकांना आता कॉफी पाजून आणायला सांगायला हवं त्यांच्या सुनेला. दोन्ही पेले झाडाला. बदामाचं बरं चाललंय.

१२ डिसें., गुरु.
पाळकसाहेब आले होते. चहा घेतला, बिस्किटं घेतली, मग घसा खाकरला.
"बाई, शालिनीताई माझ्याकडे आल्या होत्या. रडल्या."
"रडू दे."
"तुम्ही रोज प्रार्थना करता. प्रभूकडे नवं मन मागा."
"मागते. देत नाही."
त्यांनी अजून एक बिस्कीट उचललं. तरुण आहेत. नवीन वर्षात "मनाचं नूतनीकरण" यावर उपदेशांची माळ घेणार म्हणाले. म्हटलं, आमच्या बिल्डिंगचंही नूतनीकरण होणार, होणार म्हणता सगळे म्हातारे झाले. ते हसले. मला हसू आलं नाही.
पण खोटं नव्हतं ते. मी खरंच मागते. गुडघे दुखतात तरी खाली बसून मागते. उठते तेव्हा आत तेच, गाठ बसलेलं.

२५ डिसें., बुध.
नाताळ. शा.ने शेजारच्या पोराच्या हातून डबा पाठवला. करंज्या आणि शंकरपाळे. एक शंकरपाळा तोंडात टाकला. हुबेहूब आईच्या हातचा. मला कधी जमला नाही तसा.
डबा झाकण लावून परत पाठवला. दिवसभर जिभेवर चव राहिली. मेली.

१९ जाने., रवि.
प्र.ला दोन वर्षं झाली. उपासना झाल्यावर शिवडीला कबरीवर गेले. माझ्याआधी कुणीतरी निशिगंध ठेवून गेलेलं. कुणीतरी कसलं, शा.च. प्र.ला निशिगंध आवडायचा हे आम्हा दोघींशिवाय आता कुणाला ठाऊक?
उचलून शेजारच्या कबरीवर ठेवला. त्या डिसोझा मावशींकडे कुणी येत नाही. नंतर बसमध्ये फार वाईट वाटलं, पण परत जाऊन हलवला असता का? नाही.

२ फेब्रु., रवि.
आज जे झालं ते नको होतं व्हायला.
उपासना सुरू व्हायच्या आधी मी पेले भरत होते. शा. स्वयंपाकखोलीत आली. "ताई, जरा पाणी." मी न बघता ग्लास पुढे केला. तिने पर्स उघडली, पट्टी काढली, गोळी फोडली, तोंडात टाकली. प्रेशरची गोळी. मी ओळखते, हजारदा दिलीये.
डोक्यात तिडीक गेली. "तू घेतेस? तू?"
"ताई..."
"त्याला सांगितलंस बरा झालास, आणि स्वतः गोळ्या गिळतेस? लाज नाही वाटत?"
"भावोजी गेल्यापासून घेते. त्याआधी नव्हते घेत."
"मग त्यालाच का पाठवलंस पुढे? आधी तू मरून बघायचंस!"
हे मी देवळात बोलले. हातात प्रभुभोजनाचा ट्रे होता. बाहेर ऑर्गन चालू होता म्हणून कुणाला ऐकू गेलं नसावं. पाळकबाई दारात होत्या, त्यांना गेलं.
शा. नळाकडे वळली. ग्लास धुतला, पालथा घातला, गेली.
पेला झाडाला. शेवटच्या बाकावरचाही.

२ मार्च, रवि.
साठेकाका महिन्याभरासाठी नगरला दुसऱ्या मुलाकडे गेलेत. सुनेने सांगितलं.
तरी शेवटच्या बाकावर एक पेला भरलेला.
त्या बाकावर आज शा. एकटीच होती.
ट्रे हातात घेऊन उभी राहिले. बाई गं. म्हणजे इतके महिने तो पेला साठेकाकांचा नव्हताच. ती पण घेत नाही.
वाईट वाटायला हवं होतं. मला वाटलं, बरं झालं. घेऊच नये तिने. लिहिताना हात थांबतोय, पण हेच वाटलं. पाळकसाहेबांच्या नूतनीकरणाचा हा चौथा उपदेश होता.

५ मार्च, बुध.
लेंट सुरू, ईस्टरपर्यंत चाळीस दिवसांचे उपास. दरवर्षी मटण-मासे सोडते, यंदा ते नाही. यंदा रोज सकाळी प्रार्थनेत शा.चं नाव घ्यायचं. भलं कर म्हणायला जमणार नाही. नुसतं नाव.

८ मार्च
घेतलं.

१५ मार्च
घेतलं. दात-ओठ खाऊन घेतलं, पण घेतलं.

२३ मार्च, रवि.
सर्दी. उपासनेला गेले नाही. नाव घ्यायला विसरले, दुपारी आठवलं, मग घेतलं. तर काय, प्र.चं नाव आलं तोंडात. दोघांची नावं एकत्र आली की आत सगळं पेटतं. यापेक्षा मासे सोडले असते तर बरं झालं असतं.

६ एप्रिल, रवि.
प्रभुभोजन. दोन भरलेले पेले, दोन्ही झाडाला. पाळकसाहेब म्हणाले की नवं मन हळूहळू येतं, आपल्याला कळतही नाही. मग मला कसं कळायचं की येतंय की नाही? कुणी सांगत नाही.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे
तीन तासांची उपासना. उभं राहवेना, बसून राहिले. शा. दोन बाकं मागे होती. तिचा खोकला मला अंधारातही ओळखू येईल. लहानपणी एका गादीवर झोपायचो, तिला खोकला आला की मीच उठून आल्याचा रस द्यायचे.
घरी येऊन ईस्टरसाठी मनुका भिजत घालायला गेले तर आठवलं, त्या परवाच घातल्यात. उद्या बघू.

१९ एप्रिल, शनि.
मनुकांवर फेस. झाकण काढलं तर आंबूस वास भपकन नाकात. तीन दिवस या उकाड्यात, दुसरं काय होणार! मीच काल आठवूनही उद्यावर टाकलं, एकदाही बघितलं नाही. ओतून टाकलं. लालबागला गेले, तिथे किशमिश मिळाली, काळ्या मनुका संपलेल्या. दुसऱ्या दुकानात तेच. उद्या ईस्टर, आणि मंडळीला पेला नाही. पाळकबाईंना फोन केला. म्हणाल्या, बघते.
बारा वाजता बेल. दारात शा., हातात मनुकांची पुडी. ईस्टरच्या केकसाठी आणलेल्या. पाळकबाईंनी तिलाच फोन केलेला. मुद्दाम. बघून घेईन त्यांना.
आत घ्यावंच लागलं. दोन वर्षांत पहिल्यांदा या घरात. ती ओट्याशी उभी राहिली, मी गॅसपाशी. मनुका उकळल्या, तिने मलमलीच्या फडक्यात घेऊन पिळल्या. आई पिळायची तशाच, मनगट वळवून.
मग फडकं पिळता पिळता म्हणाली, "ताई, एक सांगायचंय. नाही सांगितलं तर मरेन मी."
"काय?"
"भावोजींनी मला विचारलं होतं. साक्षीनंतर. जिन्यात. म्हणाले, शालू, गोळ्या चालू ठेवू का गुपचूप?"
मी गॅस बंद केला.
"मी म्हटलं, भावोजी, साक्ष दिलीत ना आता."
फडक्यातून रस तिच्या कोपरापर्यंत ओघळत होता. ती तशीच उभी.
मला हे माहीत नव्हतं. मी समजत होते की तो बहकला, भारावला, त्याला काही सुचलं नाही. तर तसं नव्हतं. त्याला भीती वाटत होती. त्याला गोळी घ्यायची होती. आणि त्याने मला विचारलं नाही, तिला विचारलं. बायको नर्स, घरात, हाताच्या अंतरावर.
"का सांगितलंस?" एवढंच म्हटलं.
"तुझ्याकडून माफी हवी म्हणून नाही. आधी माफ केलं असतंस तर अर्धंच माहीत असून केलं असतंस, ते नको होतं."
बाटली भरली. तिने हात धुतले. जाताना उंबऱ्यात थांबली, मग गेली.
नाव घेतलं नाही आज. देवाचंसुद्धा.

२० एप्रिल, ईस्टर
झोप अशी लागलीच नाही. तरी पेले भरायला गेले. मंडळीचं काय चुकलं?
देऊळ भरलेलं. लिलींचा वास. सगळे "प्रभू उठला आहे!" म्हणत होते, मी आत नळ सोडून उभी. हात मिळवायची वेळ आली, गेली. पाळकबाईंनी पेला आणून दिला, आज माझ्याकडे बघत राहिल्या. मी ओट्यावर ठेवला. झाडापर्यंत जायचं त्राणच नव्हतं.
मन नवं झालं का? नाही. उलट कालपासून अजून खोल गेलंय सगळं. पूर्वी फक्त तिच्यावर राग होता. आता प्र.वरही आहे. नवं काही झालं असेल तर एवढंच.
उपासना संपली, लोक अंगणात ईस्टरची अंडी वाटत होते. मी ट्रे घेऊन बाकांकडे निघाले. शेवटच्या बाकावर शा. अजून बसलेली. समोरच्या भोकात तिचा पेला, काठोकाठ.
"दे," म्हटलं.
ती पेला घेऊन माझ्या मागे स्वयंपाकखोलीत आली. ओट्यावर माझा पेला दिसला तिला. भरलेला. एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.
"ताई, तू पण?"
"तो गेल्यापासून."
तिने तोंडावर पदर घेतला. मला वाटलं रडेल, पण रडली नाही. नळ ठिबकत होता, तो तिने घट्ट केला.
मग म्हणाली, "झाडाला घालू?"
दर महिन्याला न चुकता मी हेच केलंय. आज तोंडातून हो निघेना. घे आणि पी, असंही निघेना. तिला म्हणता येईना, मला स्वतःला म्हणता येईना.
"राहू दे," म्हटलं.
तिने तिचा पेला माझ्या पेल्याशेजारी ठेवला. मी वर बशी झाकली. पाळकबाई आत डोकावल्या, "दोन राहिले की!" मी बशी नीट बसवली. त्यांनी स्वयंपाकखोलीची चावी माझ्या हातात दिली आणि गेल्या.
स्टॉपवर ती एका टोकाला, मी दुसऱ्या. तिची बस आधी आली.
चावी पर्समध्ये आहे. या उकाड्यात उद्या सकाळपर्यंत दोन्हींवर फेस येईल. त्याआधी जायला हवं. जाऊन काय करणार, ते मला माहीत नाही. तिला फोन करून ये म्हणायचं का, तेही नाही.