सुमाताईने काढलेले काटे

शुक्रवार, संध्याकाळ. ओजिमा

कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात दर शुक्रवारी बांगडा असायचा. सिस्टरची प्रार्थना संपायच्या आत सुमाताईने माझ्या ताटातले काटे काढून ठेवलेले असत.

आज निखिल इथल्या स्टेशनजवळच्या जुन्या जपानी खानावळीत घेऊन गेला. दुपारी स्वस्तात भात, सूप, लोणचं आणि भाजलेला बांगडा. चॉपस्टिक्सनी काटा निघेना. मालकीणबाई आल्या, वाकून मधला काटा शेपटीपासून अलगद उचलला. ताईसारखाच. मी बोलून गेले, "ताई, बारीक राहिला गं एक."

"आई, कुणाशी बोलतेयस?"

"कुणाशी नाही. जेव तू."

ताईला जाऊन चार वर्षं झाली. त्याआधी कितीतरी वर्षं अबोला. आईने शेवटी सांगितलं होतं, पाटल्या सुमाला दे. ऐकणारी मी एकटीच. का लपवलं मी? घशात काटा नाही, तरी दुपारपासून टोचतंय.

मीराला, ताईच्या लेकीला, स्वतः सांगायचं धैर्य नाही. म्हणून निखिल, माझ्यामागे हे वाचशील तेव्हा: मोत्यांच्या कुड्या सूनबाईला. शाली कामाच्या बाईंना. पाटल्या मीराला. मावशीने दिल्या म्हणू नकोस. तुझ्या आईच्याच होत्या, म्हण.