बिनदुधाची बाळंतीण

वणी,
२ ऑगस्ट १९९८

प्रिय देवव्रत,

पाकिटावर वणीचा पत्ता बघून दचकशील, म्हणून आधीच सांगून टाकते. शलाका बरी आहे. आत्ता माझ्या शेजारी पाय झाडत पडली आहे आणि तिला या कागदाचा कोपरा हवा आहे. आम्ही दोघी माहेरी आप्पांकडे आलो आहोत. का आलो ते ओघात येईलच. एकदम सांगितलं तर तू चार ओळी वाचून घरी फोन लावशील, आणि फोन उचलतील आई. ते मला नको आहे. तेव्हा एवढं ऐक, पत्र शेवटपर्यंत वाच आणि मगच काय ते कर. मीही फोन केला असता, पण इथला बूथवाला काका गिऱ्हाइकाचं बोलणं कान देऊन ऐकतो आणि संध्याकाळपर्यंत बाजारात वाटून टाकतो. घरात चारचौघांत तुला 'अहो' म्हणते, पत्रात 'तू'. आज तूच बरास. अहोंना हे सांगणं मला जमलं नसतं.

तू ट्रेनिंगला बंगलोरला गेलास तेव्हा शलाका जेमतेम महिन्याची होती. माझी आई नाही, म्हणून बाळंतपण नाशिकला इंदिरानगरात आपल्याच घरी झालं, आणि आईंनी कुठे म्हणून कमी पडू दिलं नाही, हे मी कुणापुढेही सांगेन. तुपात थबथबलेला शिरा, खारीक घातलेलं दूध, डिंकाचे लाडू, वर पुन्हा शतावरी घालून दूध. मी पेला संपवेपर्यंत त्या समोरून हलायच्या नाहीत. मला वाटायचं, किती हे कौतुक. पेला खाली ठेवला की त्या बुडाशी किती राहिलंय ते वाकून बघायच्या, ते मात्र तेव्हाही जरा विचित्र वाटायचं.

मग शलाकाच्या गालांवर चट्टे उठायला लागले. प्यायलेलं बाहेर काढायची, पोटाशी पाय घेऊन ताठ व्हायची. एका सकाळी लंगोटावर रक्ताची रेघ दिसली. हे तुला फोनवर सांगितलं होतं, पण आई शेजारी उभ्या असायच्या, म्हणून 'जरा पोट बिघडलंय' एवढंच. डॉक्टरांनी तिला तपासलं, मला दहा प्रश्न विचारले आणि म्हणाले, हिला गाईम्हशीचं दूध सोसत नाही, तुम्ही खाता ते तुमच्या दुधातून हिच्या पोटात उतरतं. अंगावरचं पाजणं चालूच ठेवा, पण तुम्ही दूध, दही, ताक, लोणी, तूप, खवा सगळं बंद करा. आई बरोबर होत्या. घरी आल्यावर देवापुढे उभ्या राहून म्हणाल्या, 'दूध तोडलेली बाळंतीण मी जन्मात पाहिली नाही.'

तुला माहीतच आहे, मी साय घातल्याशिवाय चहा न पिणारी बाई. पहिला आठवडा मी मुलीपेक्षा जास्त रडले असेन. पण मग जिद्दीला पेटले. गवती चहा, आलं आणि गूळ घालून कोरा चहा करून पाहिला, तिसऱ्या दिवशी तो आवडायला लागला. हळिवाचे लाडू नारळाच्या पाण्यात हळीव भिजवून करतातच, त्यांना दुधातुपाची गरजच नाही. डिंक तिळाच्या तेलात तळला तो मात्र मांजरानेही हुंगला नसता. खोबरेल तेलात तळला तर इतका छान फुलला की मी कढईपाशीच उभी राहून चार खडे तोंडात टाकले. नागलीचं सत्त्व नारळाच्या दुधात शिजवून वर मनुका घातल्या. शेंगदाणे भिजवून, वाटून, गाळून त्यात वेलची आणि गूळ घातला. ते 'दूध' मी रात्रीच्या जेवणानंतर असं चवीने प्यायचे की एकदा आई चोरून बघत होत्या. म्हटलं, घ्या ना थोडं. त्यांनी मान फिरवली. बाजरीची भाकरी, वर तिळाची चटणी आणि तेलाची धार, मग तर मला तुपाची आठवणही येईना. दुकानातला बिस्किटाचा पुडा उन्हात धरून मी त्यावरच्या बारीक अक्षरांत दूध पावडर शोधत बसायचे, दुकानदार हसायचा. शेजारच्या वत्सलाबाईंनी माझं नावच ठेवलं, बिनदुधाची बाळंतीण. मी हसायचे. आईंना ते नाव अजिबात सोसायचं नाही.

आणि शलाका सुधारली. गाल साफ झाले, लंगोट साफ, रात्रीची नीट झोपायला लागली. तू फोनवर तिचा हुंकार ऐकलास ना, तो त्या दिवसांतला. मला वाटलं, जिंकलो आपण.

पुढे काय बिघडलं ते मला कळेचना. चट्टे परत आले. रक्तही परत आलं. मी माझ्या ताटातलं एकेक काढत गेले. आधी शेंगदाणे बंद केले, मग गहू, मग नारळही. शेवटी भात, मुगाचं वरण आणि नागलीची भाकरी एवढ्यावर येऊन ठेपले. तरी फरक नाही. जे काही चाललं होतं ते सकाळीच चालायचं. आपल्या घरची रीत तुला माहीत आहे. चांगुणाबाई येते, शलाकाला तेल लावते, न्हाऊ घालते आणि आईंच्या हातात देते. मग ती माझं अंग चोळायला घेते, मला शेक देते, तेव्हा आई पुढच्या खोलीत सहाणेवर मुरुडशेंग, वेखंड, जायफळ उगाळून शलाकाला गुटी पाजतात. गुटीसाठी मी माझं दूध चांदीच्या वाटीत काढून द्यायचे. शेक संपवून मी बाहेर येईपर्यंत शलाका दुपट्यात गुंडाळलेली असायची. मग तासा-दोन तासांनी ती भडाभडा ओकायची आणि त्यानंतर अशी झोपायची की उठवता उठायची नाही. हातपाय लोंबायचे. ओठांचा रंग उडायचा. आई म्हणायच्या, 'न्हाऊन-माखून बाळ झोपतंच गं, किती शांत झोपलीय बघ.' वत्सलाबाईसुद्धा कौतुकाने बघून जायच्या. मी मात्र तिच्या नाकाशी बोट धरून बसायचे. एकदा चांगुणाबाई तेल लावता लावता थांबली आणि म्हणाली, 'वैनी, पोर हातात लय ढिली लागतीय. नजर लागली आसंल.' आईंनी लगेच मीठ-मोहऱ्या ओवाळून विस्तवावर टाकल्या. मोहऱ्या तडतडल्या नाहीत, तशा आई माझ्याकडे बघत राहिल्या. तुला काय सांगू, आपल्याच घरात मला भीती वाटायला लागली होती. कशाची ते कळत नव्हतं.

मागच्या मंगळवारी चांगुणाबाई आली नाही. शलाकाला आईंनीच न्हाऊ घातलं. मी वाटी भरून दिली आणि आत केस विंचरायला गेले. फणी बाहेर राहिली होती, म्हणून परत आले. आई गॅलरीत तुळशीपाशी उभ्या होत्या. त्यांनी माझं दूध तुळशीच्या कुंडीत ओतलं, वाटी धुतली, ओट्यावरच्या पातेल्यातून गाईचं दूध घेतलं आणि सहाणेपाशी येऊन बसल्या. कुंडीतली माती पांढरी झाली होती. डोळ्यांवर विश्वास बसून मी पुढे होईपर्यंत शलाकाच्या तोंडात चमचा गेला होता. एक नाही, दोन-चार गेले असणार. तिच्या हनुवटीवर ओघळ होता.

खूप राग आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली, जणू माझंच काहीतरी घाण म्हणून टाकून दिलं होतं. आई मात्र जराही गडबडल्या नाहीत. चोरी पकडली गेल्यासारखं त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. म्हणाल्या, 'अगं, तू दूध सोडलंस, तुझ्यात आता नुसतं पाणी राहिलंय. मी हिला रोज चार-सहा चमचे पोटात घालते म्हणून तरी ती जगलीय.' आणि मग त्यांनी मला कुंदाचं सांगितलं.

देवव्रत, तुझ्या आधी तुला एक बहीण होती. घरात तिचा फोटो नाही आणि तिचं नाव कुणी काढत नाही. तिचे वडील असून नानाही ते नाव बरोबर घेऊनच गेले. कुंदाच्या गालांवरही चट्टे होते. तुझ्या आजीने आईंना सांगितलं, सुधा, तुझं दूध निकस आहे, आणि वरचं गाईचं दूध सुरू केलं. कुंदा ओकायची. आई पुन्हा पाजायच्या. ती वाळत गेली तसं जास्त पाजायच्या. ओकून झाल्यावर शांत झोपायची, म्हणाल्या, अगदी हिच्यासारखी. अशीच एकदा झोपली ती उठलीच नाही. पाच महिन्यांचीही झाली नव्हती. हे सगळं त्या शलाकाला मांडीवर थोपटत सांगत होत्या, डोळ्यांत पाणी नव्हतं. शेवटी म्हणाल्या, 'कुंदाला वरचं दूध द्यायला मी उशीर केला. या वेळी नाही केला.'

मी शलाकाला उचलून आत नेलं, आणि तासाभरात तिने ओकायला सुरुवात केली. मग ओकायलाही काही उरलं नाही. अंग गार पडलं, चेहरा राखेसारखा झाला, हाक मारली तर डोळे फिरवून मिटायची. रिक्षात आई सप्तशृंगीला नवस बोलत होत्या आणि तिचे तळवे चोळत होत्या. तिला सलाईन लावलं. संध्याकाळी ती रडली तेव्हा मी नर्सच्या गळ्यात पडले. डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं, काय पाजलं ते विचारलं, मी सांगितलं. म्हणाले, आता एक चमचासुद्धा नाही, पुढच्या वेळी तुम्ही पोचाल याची मला खात्री नाही. मग विचारलं, घरात पूर्वी कुठल्या बाळाला असं झालं होतं का? दाराच्या फटीतून मला बाकावर बसलेल्या आई दिसत होत्या, शलाकाचं झबलं हातात घेऊन. मी म्हटलं, माहीत नाही.

बाहेर आल्यावर आईंनी विचारलं, काय झालं म्हणाले गं? मी म्हटलं, इन्फेक्शन. दोन दिवसांनी शलाकाला सोडलं, तेव्हा मी हवापालट म्हणून हिला घेऊन इथे आले. इथे ती सुधारते आहे. सरितावहिनी मला नागलीची भाकरी आणि उडदाचं डांगर करून घालते, डांगरात ताकाऐवजी चिंचेचं पाणी. अन्न पुन्हा गोड लागतंय. खरं तर हे पत्र मी लिहिलंच नसतं आणि तुला यातलं काहीच कळू दिलं नसतं. कुंदाचं काय झालं ते आता कुणी ठामपणे सांगू शकणार नाही. पण आईंना एकदा कळलं की शलाका कशाने मरता मरता वाचली, तर कुंदाला आपण काय पाजत होतो हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागणार नाही. इतकी वर्षं त्या 'उशीर केला' एवढ्याच दुःखावर उभ्या आहेत. ते काढून त्यांच्या हातात हे द्यायचं?

पण काल त्यांचा आप्पांना निरोप आला. गुरुजींनी शलाकाच्या उष्टावणाचा मुहूर्त काढला आहे, पंधरा ऑगस्टच्या पुढचा रविवार. मी येत नाही म्हटल्यावर त्या स्वतःच इथे येणार आहेत, आणि नातीच्या तोंडात पहिला घास आपल्या हाताने घालण्यासाठी दूध आटवून खीर घरूनच करून आणणार आहेत. डॉक्टर नको म्हणतात हे त्यांना आधीही सांगून झालं होतं, आणि त्या तेव्हाही प्रेमानेच पाजत होत्या. खऱ्याशिवाय त्या थांबणार नाहीत. म्हणून लिहिते आहे. रजा काढ, आधी नाशिकला उतर आणि आईंना तू सांग, फोनवर नाही, जवळ बसून. मी सांगितलं तर ती सुनेने केलेली उलटतपासणी होईल. त्या मोडतील हे मला माहीत आहे, आणि तरीही मी हे मागते आहे, कारण मला माझी मुलगी हवी आहे. खीर मी एकटीही ओतून देऊ शकते रे. पण ती का ओतली हे त्यांना कळेल त्या क्षणी त्यांना धरायला त्यांचा मुलगा शेजारी हवा.

तुझीच,
यशश्री