बंद केलेला क्रमांक आज पंधरा मिनिटांसाठी उघडून मिळणेबाबत

प्रति,
मा. विभागीय अधिकारी (संदेश-तक्रार निवारण),
दूरसंपर्क कार्यालय, दुसरा मजला.

विषय : मुलांच्या संगणक मेळाव्याचा बंद केलेला क्रमांक एक संदेश पाठवण्यापुरता उघडणे.

संदर्भ : आपल्या कार्यालयाची गुरुवार, दुपारी एकची सूचना.

महोदया,

मी निवृत्त शिक्षक आहे. वस्तीतल्या मुलांना घराच्या पडवीत संगणक आणि विजेची छोटी यंत्रे शिकवतो. मुले मला बल्बआजोबा म्हणतात. उद्या, रविवारी सकाळी नऊ वाजता आमचा मेळावा आहे. चौसष्ट मुले आपण बनवलेल्या वस्तू मांडणार आहेत.

पालकांना आठवण करून देण्याचे काम मी मुलांवरच सोपवले होते. वस्तीतल्या शिंपीकाकांच्या अकरा वर्षांच्या मुलीने त्यासाठी संगणकाला सूचना लिहिल्या : संदेश पाठव, "हो" असे उत्तर आले तर थांब, नाही आले तर वीस मिनिटांनी पुन्हा पाठव. गुरुवारी सकाळी नऊला यंत्र सुरू झाले. महोदया, आपल्याकडे माणूस नुसते "हो" कधी म्हणतो? कोणी "बरं" लिहिले, कोणी "येऊ की", कोणी अंगठ्याचे चित्र पाठवले. एका आईने सातव्या वेळी लिहिले, "अहो, किती वेळा सांगू, येतोय!" यंत्राला यातले काहीच कळले नाही. मी तेव्हा सुताराकडे मुलांच्या उंचीप्रमाणे टेबलांचे पाय कापून घेत होतो. एक वाजेपर्यंत घरोघरी तेरा संदेश गेले, तीन तक्रारी झाल्या आणि क्रमांक बंद झाला.

येथे एक गोष्ट लपवू इच्छित नाही. ही चूक मला मंगळवारीच दिसली होती. मी बोललो नाही. मुलाने आपली चूक आपण शोधली की ती जन्मभर लक्षात राहते, असे मी चाळीस वर्षे मानत आलो. म्हणून नोंदीत दोष माझ्या नावावर लिहावा. ती मुलगी दोन दिवस कोणाशी बोललेली नाही.

इथवर असते तर मी आपला वेळ घेतला नसता. पण काल संध्याकाळी सभागृहाच्या व्यवस्थापकांचे पत्र आले. जुन्या सभागृहाचे छत धोकादायक ठरले असून ती इमारत उद्या सकाळी आठपासून पाडायची आहे. मेळाव्याला नव्या शाळेची जागा दिली आहे. आमच्या तेराही संदेशांत मात्र जुन्या सभागृहाचाच पत्ता आहे. जवळच्या तेवीस घरी मी काल आणि आज सकाळी पायी जाऊन सांगून आलो. उरलेली एक्केचाळीस मुले दूरच्या वस्त्यांतली आहेत. त्यांची नोंदणी संदेशानेच झाली. त्यांचे क्रमांक त्याच बंद खात्यात अडकले आहेत. पूर्वी मी असे सगळे वहीत उतरवत असे. "आता यंत्र लक्षात ठेवतं, आजोबा," असे म्हणून मुलांनी ती सवय सोडायला लावली, आणि मीही कौतुकाने सोडली.

आज सकाळी साडेनऊपासून मी आपल्याच कार्यालयात खेटे घालतो आहे. पहिल्या खिडकीवर सांगितले, अर्ज संगणकावरून भरा. भरला. खात्री करून घेण्याचा आकडा त्याच बंद क्रमांकावर पाठवला गेला. दुसऱ्या खिडकीवर सांगितले, तिन्ही तक्रारदारांची ना-हरकत पत्रे आणा. त्यांतला एक माझा सख्खा धाकटा भाऊ निघाला. "दादा, तेराव्यांदा डोकंच फिरलं रे माझं, दाबलं बटण," म्हणत तो स्वतःच कबूल झाला. दुसरे केशकर्तनालयवाले, तेही आपणहून बोलले; गिऱ्हाइकाच्या गालावर वस्तरा असताना त्यांचा फोन वाजत राहिला होता. दोघांनी पत्रे दिली. तिसऱ्याचे नाव विचारले, तर लिपिकसाहेब म्हणाले, "ते गुप्त असतं, गुरुजी." मग त्यांचे पत्र मी कोणाकडून आणू? "ते तुम्ही बघा. त्याशिवाय पुढं सरकत नाही."

इमारत पाडणाऱ्या मुकादमालाही भेटलो. भला माणूस आहे. "मला लेखी कागद द्या, तासभर थांबतो," म्हणाला. तो कागद देणारे कार्यालय सोमवारी उघडते. आपले कार्यालय आज दोनला बंद होते. हे लिहीत असताना समोरच्या घड्याळात बारा वाजून दहा मिनिटे झाली आहेत.

तरी विनंती अशी की, आपल्या अधिकारात तो क्रमांक आज पंधरा मिनिटांसाठी उघडावा. हवे तर आपल्या माणसाने शेजारी बसून पाहावे. एकच संदेश जाईल, आणि तो यंत्र नव्हे, मी माझ्या हाताने पाठवीन. त्यानंतर क्रमांक कायमचा बंद केलात तरी माझी हरकत नाही. तसे लिहून सोबत जोडले आहे.

आदेश न मिळाल्यास मी उद्या सकाळी सातपासून जुन्या सभागृहापाशी उभा राहणार आहे. भाऊही येईल. त्या आवाराला तीन फाटके आहेत, आणि आम्ही माणसे दोन. मुले यंत्र पाहायला धावतात, महोदया, ते इमारत पाडणारे असले तरी. मीच त्यांना ती सवय लावली आहे.

निर्णयासाठी आपल्या दालनाबाहेरील बाकावर थांबलो आहे.

आपला नम्र,
(सही)
निवृत्त शिक्षक, मेळाव्यास जबाबदार
शनिवार, दुपारी १२.१०

सोबत :
१. दोन तक्रारदारांची ना-हरकत पत्रे.
२. सभागृह व्यवस्थापकांचे कालचे पत्र.
३. क्रमांक पुढे कायमचा बंद करण्यास माझी संमती.
४. पाठवायच्या संदेशाचा मसुदा : "उद्याचा मेळावा जुन्या सभागृहात नाही. नव्या शाळेत, सकाळी नऊला. मुलांना जुन्या इमारतीकडे अजिबात पाठवू नका. उत्तर देण्याची गरज नाही."