एका बाजूला, दुप्पट अंतराने

३ जून
कथा पूर्ण! आता प्रकाशक दाराशी रांग लावणार. एकाची नियमावली मागवली. छापील प्रत टपालाने, फाइल ईमेलने. कागदाची एकच बाजू, ओळींत दुप्पट अंतर, चहूकडे एक इंच समास, युनिकोड, लेखकाचं नाव फक्त वेगळ्या पानावर. हे कथा वाचतात की मोजतात? कारकुंडे लेकाचे!

५ जून
नियम सामान्यांसाठी. मी नक्षीदार फॉन्ट घेतला. शीर्षक जांभळं. पानापानावर माझं नाव, पहिल्यावर फोटो. बायको म्हणाली, हे चालणार नाही. म्हटलं, प्रतिभेला फूटपट्टी लावू नकोस. पाठवून दिलं. ऑफिसात साहेबांसकट सगळ्यांना सांगितलं.

१४ जून
सगळं परत. फाइल उघडली तर नुसते चौकोन दिसतात म्हणे. यांचे कॉम्प्युटर भंगार, दोष माझा! उद्यापासून पहाटे पाचला उठून मांडणी मीच शिकणार.

१५ जून, सकाळी साडेनऊ
उठायला जरा उशीर झाला. एक समास ओढला तर अख्खी कथा खाली घसरली. शेवटचं वाक्य बत्तिसाव्या पानावर एकटंच. तसं ते एकटंही भारी आहे म्हणा. मान आखडली. लेखकाने हमाली करू नये. फाइल बायकोला दिली, तिलाही विरंगुळा.

१८ जून
बायकोने सगळं बसवलं. वर विचारते, मधली काही पानं गाळायची का? झालं! समास आखता आला की लगेच समीक्षक. एक अक्षर हलवू दिलं नाही. पाठवलं.

२ जुलै
फोन! खुद्द संपादकबाई. इतकं नेटकं हस्तलिखित वर्षभरात आलं नाही म्हणाल्या. मांडणी कुणाची, विचारलं. म्हटलं, बायकोची, माझ्या देखरेखीखाली. तिला फोन द्या म्हणाल्या. दहा मिनिटं बोलल्या. कथेबद्दल थेट माझ्याशी बोलायला बिचकल्या असणार.

१० जुलै
बायको प्रकाशकाकडे नोकरीला लागली. आलेली हस्तलिखितं आधी तीच वाचणार. आपलं माणूस आत! आता छापून आलंच समजा. साहेबांना पेढ्यांचं कबूल केलं.

१९ जुलै
टपालाने जाड पाकीट. माझी कथा, साभार परत. चिठ्ठीवर बायकोची सही.
विचारलं, रोज समोर बसून जेवतेस, मग टपालाने कशाला? म्हणाली, तोंडावर सांगायला जीभ रेटत नव्हती. लग्न झाल्यापासून.