सईची पाळी आणि माझ्या गोळ्या

७ फेब्रु., मुलुंड
काल भांडी विसळताना सईने सांगितलं. नोव्हेंबरपासून पाळी नाही. तीन महिने! सोळा वर्षांची घोडी, आणि आईला आता सांगते. ओरडले. मग स्वतःवरच चिडले. गणपतीत तिची तारीख येत होती, सासूबाईंचं सोवळं कडक, म्हणून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मीच दिल्या. गुपचूप. त्या गोळ्यांनीच घोळ केला असणार. पोरीचं वाटोळं केलं मी.

१२ फेब्रु.
डॉक्टरबाईंकडे. सोनोग्राफी, थायरॉइड ठीक. सई वजन करायला बाहेर गेली तेव्हा गोळ्यांचं कबूल केलं. बाई म्हणाल्या, "चार गोळ्यांनी इतके महिने काही अडत नाही हो." हो म्हटलं. पटलं नाही. मेंदूतली ग्रंथी पाळीचं हार्मोन थांबून थांबून सोडते म्हणे, ते मोजणार.

२० फेब्रु.
सकाळी आठ ते दुपारी दोन, दर पंधरा मिनिटांनी रक्त. सुई एकदाच टोचलेली, तरी जीव खालीवर. सई आरामात मोबाइलवर कबड्डीचे सामने बघतेय. सिस्टर मला म्हणते, "काकू, आता तुम्हीच आडव्या व्हा."

२७ फेब्रु.
रिपोर्ट. हुश्श! ग्रंथी धडधाकट, नुसती सुस्त. दर तासा-दीड तासाने हार्मोनची लाट यायला हवी, हिची सहा तासांत एकच, तीही बारकी. पोटातच काही जात नाही म्हणून मेंदूने काम आवरतं घेतलंय. कबड्डीच्या वजनगटात बसायचं म्हणून आमच्या सईबाई रोज डबा मैत्रिणींना वाटत होत्या. आणि मी रिकामा डबा बघून खूश!
सासूबाईंचं एकच, "पोरीक आधी खावक घाल."

५ मार्च
गोळ्यांचं मनातून जाईना. शेवटी सईला म्हटलं, माफ कर गं.
"त्या गोळ्या? आई, मी घेतल्याच नव्हत्या."
"मग गणपतीत..."
"आली ना. दुसऱ्याच दिवशी. मोदकपण वळले."
आधी हसले, मग रडले. त्या मोदकांचं सासूबाईंनी अख्ख्या बिल्डिंगमध्ये कौतुक केलं होतं! छातीवरचा धोंडा उतरला. त्यांना सांगायचं का? बघू. नकोच.

२ एप्रिल
वजन दीड किलो वर. वजनगट हुकला, दोन दिवस फुगून बसली, पण जेवते. परत रक्त तपासलं, लाटा वाढल्यात. बाई म्हणाल्या, वेळ लागेल, घाई करू नका. मी रोज विचारते म्हणून सई कावलीय. "आली की सांगेन गं, पिच्छा सोड!"
आज विचारलं नाही. ती बाथरूममध्ये जरा जास्त वेळ होती, मी दाराबाहेर कपड्यांच्या घड्या घालत उभी. बाहेर आली, माझ्याकडे बघितलं.
"नाही अजून. वाढ ना पटकन, भूक लागलीय."