खालचा अर्धा कागद

अण्णा, आज परत आले. अंगात हेलिकॉप्टरची थरथर अजून आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी शाळेत होते. पुढं आपल्या घरातली पहिली पदवीधर झाले, तीही चित्रकलेची, आणि सीमेवर लढाई सुरू झाल्यावर जवानांची चित्रं काढायला स्वतःहून अर्ज केला. युद्ध जसं आहे तसं दाखवायचं, असं मनात होतं.

मिरजगावातलं ते लग्नघर आठवतं. भिंतीला ताजा चुना दिलाय, मी गेरूचा डबा धरून उभी आहे, आणि तुम्ही ओट्यावर पाण्याची वाट बघत बसलाय. नवरीची आई करवादली, "पेंटर, पानी पळून चाललंय व्हय? आधी हत्ती काढा, पावनं येत्यात!"

"वैनी, पानी पिल्याबिगर माझा हत्ती उठत न्हाई."

सगळे हसले. येताना सायकलवर मी कारण विचारलं. तुम्ही म्हणालात, "तांब्या कोन देतं, कसं देतं, तेवढ्यात घर कळतं गं. वळख न्हाई तिथं काय चितारायचं?"

हेलिकॉप्टरात मी मागं बसायचे, मांडीवर कागद. वैमानिक नेवाशाकडचा. पहिल्याच रात्री उडण्याआधी त्यानं बाटली पुढं केली, "घ्या ताई, वर घसा लई कोरडा पडतो." त्याची मान, हात, हिरव्या उजेडातला गाल, सगळं नीट उतरलं. खालची माणसं मात्र रात्रीच्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसायची, अंगाच्या उष्णतेनं पांढरी. शेवटच्या रात्री दोघं एका घरामागून पळाली, एकानं दुसऱ्याचा हात धरलेला. सैनिक होते की घरचे, मला कळलं नाही. आमची तोफ चालली. पडदा पांढरा झाला, मग काळा.

आज लष्कराचं चित्रप्रदर्शन भरवणाऱ्या साहेबांना चित्र दाखवलं. वर हेलिकॉप्टर आणि त्यातली माणसं, खालचा अर्धा कागद कोरा.

"हे अर्धंच आहे. खाली शत्रूचा तळ दाखवा, आगीचे लोळ दाखवा. उद्या द्या, नाहीतर प्रदर्शनात घेता येणार नाही."

"तिथलं मी कुणाला ओळखत नाही, सर."

"ओळख कशाला हवी, मॅडम? चित्रच काढायचंय ना!"

उद्या कागद आहे तसाच देणार आहे. भांडायचं बळ नाही. घेतला तर घेतला. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एवढं सांगते. ती दोघं पळताना अंधारावर चुन्यानं काढल्यासारखी दिसत होती. मला ते फार सुंदर वाटलं, अण्णा. माझा हात पेन्सिलीकडं गेला होता.