वरच्या कर्ण्याची वेगळी चूल

कुंभकोणम्, विजयादशमी, १९५६

रा. रा. जानकीरामराव मेहुणे यांसी सेतुरामाचा सप्रेम नमस्कार. हनुमंतमामांचा पारा सोडला तर येथील सर्व क्षेम आहे. तिकडे तिरुच्चीत आपली प्रकृती, आपल्या मातोश्रींचे गुडघे आणि आमची धाकटी बहीण सुब्बलक्ष्मी कशी आहेत ते कळवावे. (गुडघ्यांचे आधी लिहा, नाहीतर मातोश्री रागावतील.)

आमच्या आईच्या कानांचे आपल्याला ठाऊकच आहे. ढोल वाजला तर कळतो, बोललेले कळत नाही. आडी महिन्यात, आषाढसणाला, सुब्बू माहेरी आली तेव्हा आईला खेटून बसली आणि गायली. आई बिचारी तिच्या ओठांकडे पाहत नुसती मान डोलवत राहिली. मी म्हटले, ते काही नाही, आईला लेकीचा गळा पुन्हा ऐकवीन तरच नावाचा सेतुराम! घरच्या रेडिओला कर्णे लावायचे ठरवले. जाड सुरांसाठी कोपऱ्यात फणसाच्या फळ्यांचा, भाताच्या कोठीएवढा. बारीक सुरांसाठी त्याच्या वर पितळेचा, छोटा.

पितळेचे काम हंडे-कळश्या घडवणाऱ्या व्यंकटरमणाला दिले. माणूस कसबी. आकार असा सुरेख काढला की हात फिरवत बसावे. फक्त जन्माच्या सवयीने त्याने निमुळत्या टोकाला बूड बसवले होते! वर पाणी भरून दाखवतो, सामी, पाहा, एक थेंब गळत नाही. आता ज्या टोकातून आवाज आत शिरायचा तेच बंद! बूड कापताना त्याचा चेहरा मला पाहवेना. (आमच्या सौभाग्यवती भवानीबाईंचे मत, तसाच असू द्या, रसम वाढायला बरा आहे.)

पुढे खरी जुंपली ती सूर वाटायचे कुठे यावर. मामा वीज खात्यातून निवृत्त झालेले, तेव्हा विजेच्या बाबतीत त्यांचा शब्द म्हणजे वेदवाक्य. ते म्हणाले, अँप्लिफायर एकच ठेव, आवाज मोठा होऊन बाहेर पडला की तारेची वेटोळी आणि कंडेन्सर घालून जाड सूर खाली धाड, बारीक वर. मी म्हटले, सूर मोठे व्हायच्या आधी, लहान आहेत तोवरच वेगळे करू आणि दोघांना दोन अँप्लिफायर देऊ. मला हे कळायला महिना लागला होता. भवानीला भाजी चिरता चिरता कळले. म्हणाली, म्हणजे मामांचे एका पातेल्यात सगळे शिजवून पानात निवडत बसणे, आणि तुमचे मडीची, सोवळ्याची चूल आधीपासून वेगळी. मामा कडाडले, दोन चुली मांडल्या की घर फुटते! वडीलधारे पडले, आधी त्यांचेच केले.

तेवढ्यात नवरात्र आले. आमचा बाहुल्यांचा कोलू दरवर्षी त्याच कोपऱ्यात असतो. कर्णा हलायचा नाही म्हटल्यावर भवानीने त्याच्याच माथ्यावर बाहुल्या मांडल्या. सरस्वतीपूजेला हळदीकुंकवाच्या बायका जमल्या, आणि रेडिओवर कोणा बाईंचे गाणे लागले. आई म्हणाली, कोण पुटपुटतंय? मामांनी बटण पिळले. आता त्यांच्या तऱ्हेत बटण एकच, त्यामुळे बारीक सुरांबरोबर जाड सूरही फुगले. शब्द आईपर्यंत पोचेनात, पण मृदंगावर बाहुल्या चालू लागल्या हो! आधी शेट्टी वाणी सरकला, मागून त्याची बायको, मग त्यांचे डाळ-तांदळाचे सगळे दुकान. आणि दशावतारातला वामन सुटला तो थेट शेजारच्या अलमेलूमामींच्या ओटीत. (मामींना नातू हवा आहे. त्या वामन परत द्यायला तयार नाहीत.) मामा तेव्हापासून फुगून बसले आहेत.

आज दशमी, नव्या कामाचा दिवस. सकाळी मी दोन चुली मांडल्या. जाड सुरांचे बटण खाली घेतले आणि बारीक सुरांचे वर, आणखी वर. आम्ही कानांत बोटे घातली, भवानी मागल्या अंगणात पळाली. आणि आई? रेडिओवरच्या बाईंच्या गाण्यावर आईने मांडीवर ताल धरला. जरा वेळाने म्हणाली, गळा बरा आहे, पण ही बाई शब्द गिळते. अहो मेहुणे, शब्द! मी ढसाढसा रडलो, त्यात लाज कसली? मामांनीही उपरण्याने नाक पुसले आणि धुळीच्या नावाने बोटे मोडली.

थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, गुडघ्यांना कोमट तेल.

सेतुराम

ता. क. मामांची विनंती आहे की वेटोळ्यात दोष नव्हता, दोष बाहुल्यांत होता, एवढे मेहुण्यांना अवश्य लिही. लिहिले.

ता. क. दुसरा. तिथल्या रेडिओवाल्यांनी सुब्बूचा गळा पसंत केला, आणि आपण अजून 'पाहू, पाहू' म्हणता, असे ऐकतो. घरंदाज सून रेडिओवर गायली तर तुमच्या गल्लीत काय म्हणतील ते मी सांगू शकत नाही. आमच्या गल्लीत दारे उघडी टाकून ऐकतील. तेव्हा एक 'हो' म्हणा. वरचे सगळे रामायण एवढ्यासाठीच.

ता. क. तिसरा. आई शेजारी बसून सांगते, तसेच उतरवतो: जावईबापू, सेतूला थोडक्यात लिहिता येत नाही. रेडिओचे काय ते तुम्ही ठरवा. पण लग्न झाल्यापासून सुब्बू तुमच्या घरात गुणगुणतसुद्धा नाही म्हणे. माझे कान म्हातारपणाने गेले. तुमच्या कानांना काय झाले? दोघे इकडे या. तुम्हालाही बसवू कर्ण्यापुढे.